सावेडीच्या पत्र्याखालची फटफटी

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. एका शनिवारी दुपारी आमच्या दारात कडब्यानं भरलेली बैलगाडी येऊन थांबली. आमच्याकडं ना गाय, ना म्हैस. गाडीवान आणि माझा नवरा, दोघांनी मिळून कडब्याखालून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड ओढून काढलं आणि पोटाशी धरून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"पंप हाय. पान्याचा."

"आपल्याला विहीर कुठाय?"

"इकायचा हाय," असं म्हणून त्यानं शेडचं दार लोटलं.

तो हातपाय धुवायला गेला तेव्हा मी आत जाऊन गोणपाटावरून हात फिरवला. बोटांना पातळ पत्र्यांच्या कडा लागल्या, एकीवर एक, सारख्या अंतरानं. पाण्याचा पंप मी दवाखान्याच्या विहिरीवर रोज पाहायची. त्याला अशा कडा नव्हत्या. नवरा खोटं बोलला होता, आणि तेही सहज, धोतराला हात पुसता पुसता. आत काय आहे याच्यापेक्षा मला त्या सहजपणाची धास्ती वाटली.

मी नगरला मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत नर्स होते. लहानपणापासून बोर्डिंगात वाढलेली, त्यामुळं बोलणं पुस्तकी आणि स्वभाव मोजूनमापून वागणारा. नवरा खेड्यातला, चार यत्ता शिकलेला, पण हातात पाना आला की त्याच्याएवढा शहाणा माणूस मी पाहिला नाही. लग्नानंतर सहा महिन्यांत तो ड्रायव्हर म्हणून फौजेत भरती झाला आणि चार वर्षं परमुलखात होता. त्याची पत्रं यायची ती सरकारनं आधी उघडून वाचलेली, मधल्या ओळी काळ्या शाईनं पुसलेल्या. बाकीच्या नर्सा नवऱ्याची पत्रं वाचायच्या, मी त्या काळ्या पट्ट्या वाचायची. पत्र खिडकीत उजेडासमोर धरायची. पट्टीखाली एखाद्या गावाचं नाव असेल, नाहीतर एखाद्या बाईचं. चार वर्षं असा विचार करायची सवय लागली की माणूस समोर येऊन उभा राहिला तरी ती सुटत नाही.

परत आल्यावर त्याला छावणीबाहेरच्या एका लष्करी डेपोत कच्च्या नोकरीवर फिटर म्हणून घेतलं. घर त्यानंच शोधलं, सावेडीत. तेव्हा सावेडी म्हणजे ज्वारीची रानं आणि त्यांच्यात सांडल्यासारखी पाचसहा घरं. दवाखाना लांब पडायचा, मी सायकलनं जायची. गावात जागा मिळत असताना इतक्या लांब कशाला, असं विचारलं तर म्हणाला होता, "हितं वारा लई चांगला हाय." त्या शनिवारनंतर मला वाटायला लागलं की वाऱ्याचा काही संबंध नव्हता. इथं शेजार नव्हता.

पंधरा दिवसांत पंपाची गोष्ट त्यानं स्वतःच सोडून दिली. "फटफटी करनार हाय. गोनपाटात इंजिन हाय, बेलापूरचं," म्हणाला.  खोटं पकडलं गेल्याची लाज त्याच्या चेहऱ्यावर येते का, एवढंच मी पाहत राहिले. आली नाही.

ती फटफटी म्हणजे कुणाचं कुणाला नव्हतं. सांगाडा लष्करी लिलावातला, हिरवा. पुढचं चाक मागच्यापेक्षा दोन बोटं मोठं, त्यामुळं गाडी सपाट जमिनीवरही चढावर उभी असल्यासारखी दिसायची. टाकी कुठल्याशा फार जुन्या गाडीची. हिरवा रंग खरवडला की खाली लाल निघायचा आणि लालाखाली काळा. दिवा जीपचा. मागचं मडगार्ड त्यानं तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून केलं होतं आणि सीट छावणीत घोड्यांची जीनं शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतलं होतं. इंजिनाची भोकं सांगाड्याच्या भोकांशी जुळत नव्हती. त्यासाठी जाड लोखंडी पट्ट्या कापायच्या, भोकं पाडायची, बसवून बघायचं, पुन्हा काढायचं. एक पट्टी बसायला आठवडा जायचा.

मी मदत करायची. संशय होता म्हणूनच करायची, नाहीतर शेडमध्ये जायला निमित्त काय? टाकीतला गंज काढायला आम्ही आत बारीक खडी आणि रॉकेल घालायचो आणि दोघं दोन बाजूंनी धरून हलवायचो, झोळीतलं मूल हलवावं तशी. तांबडं पाणी ओतायचं, पुन्हा खडी घालायची. त्या कामात आमच्या दोघांचे हात बरोबर लयीत चालायचे. तेवढा वेळ बरं वाटायचं.

मग एक दिवस इंजिन पुसताना मला सिलिंडरच्या खाली एक बोटभर जागा गुळगुळीत लागली. बाकी सगळं खडबडीत, आणि तेवढंच गुळगुळीत.

"इथं काय होतं?"

"गंज हुता. घासला कुनीतरी."

गंज चौकोनी नसतो. त्या जागी कानशीचे बारीक ओरखडे एकाच दिशेनं गेले होते. कुणीतरी निवांत बसून इंजिनाचा नंबर घालवला होता.

त्याच सुमारास दवाखान्यात बोलणं कानावर आलं की डेपोतून सामान बाहेर जातंय, दोघांना धरलंय. मी ऐकून घेतलं आणि पुढच्या बाळंतिणीकडं गेले. पण त्या दिवसापासून नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यावर माझं लक्ष राहायला लागलं. बाळंतपणाच्या खोलीत रोज मुलं तोलून माझ्या हाताला वजन कळायचं. मूल काट्यावर ठेवायच्या आधी मी पौंड-औंस सांगायची आणि फार चुकायची नाही. डबा सकाळी मीच भरून द्यायची. एका संध्याकाळी तो घरी आला, मी त्याच्या सायकलच्या हँडलवरून डबा काढून घेतला आणि हात खाली गेला. भाकरी-पिठलं खाऊन रिकामा झालेला डबा सकाळी भरून दिला होता त्याहून जड होता. दोन पौंडांनी तरी.

"ऱ्हाऊ दे," त्यानं माझ्या हातातून डबा घेतला. "मी घासतो."

या माणसानं लग्नापासून एक वाटी विसळली नव्हती. तो डबा घेऊन शेडकडं गेला. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी डबा हलका आला आणि पुन्हा माझ्याकडं घासायला आला.

संशय काही माझ्याच बाजूला नव्हता. एकदा तो चाकाचे स्पोक ताणत बसला होता. बोटानं स्पोक वाजवायचा, कान देऊन ऐकायचा आणि पाना फिरवायचा. मधेच, वर न बघता, त्यानं विचारलं, "सायकल कुनी शिकवली तुला?"

"दवाखान्यातल्या कंपाउंडरनं."

"किती दिस?"

"पंधरा दिवस."

"मागनं सीट धरून पळायचा व्हय?"

"सगळे तसंच शिकतात."

 तो पाना फिरवत राहिला, आणि तो स्पोक कट् करून तुटला. कंपाउंडर पन्नाशीचा होता आणि दम्यानं बेजार. दहा पावलं पळाला की धापा टाकत भिंतीला टेकायचा. हे मी नवऱ्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्यालाही थोडं जळू दे, असं वाटलं.

माझ्या जळण्याला बेलापूर कारण होतं. दर पंधरा दिवसांनी रविवारी चर्चमध्ये उपासनेला न येता तो सकाळच्या गाडीनं बेलापूरला जायचा. "सामान बघायला." येताना कधी मोसंबी आणायचा, कधी गूळ. सामान म्हणावं असं काही आणल्याचं दिसलं नाही. एकदा परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याचं लोंबणारं बटण पक्कं शिवलेलं होतं. हिरव्या दोऱ्यानं. आमच्या घरात पांढरा दोरा होता आणि काळा. मी तो सदरा धुतला, वाळवला, घडी केली आणि त्या हिरव्या दोऱ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. बोर्डिंगात मी एक गोष्ट शिकले होते: लगेच विचारलं की समोरचा लगेच उत्तर तयार करतो.

झडती झाली ती एका कामाच्या दिवशी, सकाळी. नवरा डेपोत गेला होता. बोल्हेगावहून एक माणूस बोलवायला आला होता. त्याच्या बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या. मी आदल्या दिवशी भरून ठेवलेली बाळंतपणाची पिशवी उचलली आणि सायकल काढणार तोच फौजदार, एक शिपाई आणि हातात कागद घेतलेला लष्करी हवालदार दारात येऊन उभे राहिले.

"बाई, शेड उघडा."

मी उघडली. हवालदार पटाईत होता. त्यानं खाली बसून सांगाड्यावरचा रंग नखानं खरवडला आणि फौजदाराला दाखवलं. लोखंडात दोन छोटे बाण ठोकलेले होते, नाकाला नाक लावून. "एक बाण म्हणजे माल सरकारचा," हवालदार म्हणाला. "विकला की त्याच्यासमोर दुसरा मारतात. हा विकलेला आहे." चाकांवरही दोन बाण निघाले. दिव्यावर दोन. मग तो इंजिनाशी आला आणि त्या गुळगुळीत जागेवर त्यानं अंगठा ठेवला.

"हे कुठलं?"

"बेलापूरहून आणलंय."

"कुणाकडून?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. हे खरं होतं, आणि म्हणताना मला पहिल्यांदा कळलं की आपल्या घरातलं आपल्याला किती कमी माहीत आहे.

"आणि मॅग्नेटो? ठिणगी पाडायचं यंत्र. त्याच्याशिवाय गाडी पेटत नाही. आम्ही तेच शोधतोय."

"मी नर्स आहे. मला यातलं कळत नाही."

त्यांनी घरात ट्रंक उपसली, ज्वारीची कणगी ढवळली, चुलीमागं हात घातला. दारात बोल्हेगावचा माणूस पायावर पाय घासत उभा होता. शेवटी फौजदारानं माझ्या हाताकडं बोट केलं. "पिशवीत काय आहे?"

मी पिशवी ओट्यावर ठेवून उघडली. वर कापूस आणि पट्ट्या, त्याखाली फडक्यात बांधलेले चिमटे. आणि चिमट्यांच्या खाली आणखी एक गाठोडं होतं, जे मी ठेवलेलं नव्हतं. माझ्या बोटाला ते आधी लागलं आणि मग फडक्याच्या कोपऱ्यातून दिसलं. काळं लोखंड, आणि त्यावर एकच बाण.

मी कापूस त्याच्यावर ओढला. तोंड तोवर बोलायला लागलं होतं, आणि ते दवाखान्यातल्या नर्सचं तोंड होतं. "हे सगळं उकळून बांधलेलं सामान आहे," मी म्हणाले. "याला बाहेरचा हात लागला तर बाळंतिणीला ताप येतो आणि बाळंतीण मरते. बघायचं असेल तर बघा. पण आधी तुमचं नाव आणि हुद्दा एका कागदावर लिहून द्या. त्या बाईला काही झालं तर मला मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगावं लागेल."

फौजदारानं हात मागं घेतला. हवालदार काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात बोल्हेगावचा माणूस रडकुंडीला येऊन म्हणाला, "चला की वो बाई! ती मरायला लागलीया तितं!" मी पिशवी बंद केली आणि सायकलवर बसले.

ती पिशवी हँडलला डावीकडं ओढत होती. वाटभर आतलं लोखंड चिमट्यांवर आपटून वाजत होतं. बोल्हेगावला पोचल्यावर पाहिलं तर चिमट्यांना ग्रीस लागलेलं. सगळं पुन्हा धुवायचं, पुन्हा उकळायचं. त्यात अर्धा तास गेला. मूल सुखरूप झालं, बाईही नीट होती. पण तो अर्धा तास मी चुलीपुढं उभी राहून पाण्याकडं बघत घालवला, आणि तो मी नवऱ्याला माफ केलेला नाही.

संध्याकाळी तो आला तेव्हा मॅग्नेटो ओट्यावर होता, उघडा.

"माझ्या पिशवीत?"

तो खाली बसला. "झडती हुनार म्हनून काल सांजच्याला कळलं. तुझ्या पिशवीला कोन हात लावनार?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर तुझ्या तोंडावर दिसलं आसतं."

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. माझ्यावर त्याचा भरवसा होता, आणि तो मला काही माहीत नसण्यावर होता.

"तुला ठाव हाय का तितं काय चाललंय?" तो म्हणाला. "गाड्या हायेत. चालत्या. काही तर पेटीतनं भाईर काडलेल्या, चाकाला माती न्हाई लागल्याली. आमाला घन देत्यात आन फोडा म्हंत्यात. आधी टाकी, मंग इंजिन. साहेब कागदावर रेघ मारतो. मंग खड्ड्यात ढकलायची आन वर माती. रोज आठ-धा फोडतो मी. आसल्याच गाडीवर बसून चार वर्सं हिंडलो, जिता परत आलो, आन आता मीच घन घालतो." त्यानं मॅग्नेटोकडं पाहिलं. "एक उचलला. तीन दिस, तुकडं करून, डब्यातनं."

"एकच?"

"एकच."

त्याच्या चेहऱ्याकडं मी बराच वेळ पाहिलं. तो खरं बोलत होता असं मला वाटतं. खात्री आजही नाही.

"चोरी ती चोरीच," मी म्हणाले.

"आन ती नळी?"

टाकीतून पेट्रोल खाली यायला नळी हवी होती, तेव्हा मी दवाखान्यातली एक जुनी रबरी नळी आणून दिली होती. कुणाला विचारलं नव्हतं. "ती टाकाऊ होती," मी म्हणाले.

"हे बी टाकाऊच हुतं," तो म्हणाला. "घन घातल्यावर."

मी विषय बदलला. "बेलापूरला कोण आहे?"

"बागाईतदारीन हाय एक. तिच्याकडनं इंजिन आनलं."

"ती हिरव्या दोऱ्यानं बटणं लावते का?"

त्यानं सदऱ्याकडं पाहिलं आणि तो हसला. लढाईवरून आल्यापासून इतका मोकळा हसलेला मी त्याला पाहिला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "चल की मंग फुडच्या खेपंला," तो म्हणाला. "दावतो."

मी त्याच्याबरोबर गेले नाही. सांगून-सवरून घडवलेल्या भेटीवर माझा विश्वास नव्हता. मधल्या रविवारी, त्याचा जायचा दिवस नसताना, दवाखान्यात काम आहे असं सांगून मी एकटीच बेलापूरची गाडी पकडली. स्टेशनावरून टांगा केला. दोन्हीकडं ऊस, मग गाव, मग प्रवरेच्या बाजूला मोसंबीचा मळा. विचारत विचारत पोचले.

बाई पंचेचाळीशीची असेल. कपाळ मोकळं, हात मातीनं भरलेले, आवाज पुरुषासारखा. तिच्या चोळीची शिवण उसवली होती तिथं हिरव्या दोऱ्याचे टाके होते. मी माझं नाव सांगायच्या आधीच तिनं सायकलच्या हँडलनं तळहाताला पडलेले माझे घट्टे पाहिले, की काय पाहिलं देव जाणे, आणि म्हणाली, "तुमी नर्सबाई व्हय? सायकलवाल्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यो सांगतो की. सारखं तेच सांगतो. आमची मालकीन एकली सायकलीवर गावोगाव बाळंतपनं करती, चिखल म्हनत न्हाई, ऊन म्हनत न्हाई. म्हनून फटफटी कराया लागलोय म्हनला." तिनं मला बाजेवर बसवलं, मोसंबी सोलून हातात दिली. "इंजिन आमच्या मालकाचं. ते आसताना कडबा तोडायच्या मशीनीला लावलं हुतं. ते गेल्यावर पडून हुतं. मी म्हनलं, घिऊन जा, पर माझं नवं तेलाचं इंजिन दोन दिस चालतं आन चार दिस बसतं, ते नीट हुईस्तवर येत जा."

"त्याचा नंबर घासलाय."

"मालकानंच घासला. लढाईत सरकार गाड्या धरून न्यायचं न्हवं? इंजिन बी नेतील म्हनून भ्याले." ती थोडी थांबली. "बटन बी मीच लावलं. लोंबत हुतं. बाईमानसाच्या डोळ्याला दिसतंच."

ते बटण माझ्या डोळ्यांसमोर महिनाभर लोंबत होतं. मी डबा बघत होते.

परतीच्या गाडीत मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो माझं इतकं कौतुक करतो ते तिच्यापुढं, मळ्यात, तेलाच्या इंजिनाशी बसून. घरी मला "पंप हाय" म्हणतो. दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं. याच्याबद्दल कुणाशी भांडायचं?

मी जाऊन आले हे त्याला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला त्या बाईनंच सांगितलं असणार. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "इचारून आलीस. बरं केलंस." मीही एवढंच म्हणाले, की कंपाउंडरला दमा आहे, वय पन्नास आहे, आणि तो सायकलमागं दहा पावलंही पळू शकत नव्हता. पुढचा बेलापूरचा रविवार आला तेव्हा तो गाडीला न जाता माझ्याबरोबर उपासनेला आला.

मॅग्नेटो परत कर, असं मी दोनदा म्हणाले. परत करणं म्हणजे तुरुंग, हे मलाही ठाऊक होतं. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. महिना गेला, दुसरा गेला. डेपोतली कच्ची माणसं कमी केली, त्यात तोही कमी झाला. मग एके दुपारी शेडमध्ये गेले तर मॅग्नेटो इंजिनाला बसवलेला होता, नव्या पट्टीवर, नीट. आणि त्याच्यावर दोन बाण होते, नाकाला नाक लावून. दुसऱ्याचं टोक जरासं वाकडं होतं आणि त्याच्या रेषा ताज्या, पांढऱ्या चमकत होत्या.

नवरा कोपऱ्यात पाना पुसत उभा होता. मी काय म्हणते याची वाट बघत होता. मी खाली बसले, जमिनीवरचं काळं फडकं उचललं आणि त्या नव्या बाणावर घासायला लागले. चमक गेली, तेल-काजळी आत बसली, दोन्ही बाण सारखे दिसायला लागले, तोवर घासलं. मग फडकं टाकलं आणि हात धुवायला गेले.

फटफटी पेटली ती तिसऱ्या रविवारच्या किकांना. दोन रविवार नुसतं धापणं. तिसऱ्या रविवारी दुपारी त्यानं किक मारली, आवाज फाडकन फुटला आणि ज्वारीतली पाखरं एकदम उठली. तो ओरडत होता, मीही ओरडत होते, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

आवाज आणखी कुणीतरी ऐकला असणार. चौथ्या दिवशी तोच फौजदार आला, या वेळी एकटा, घामाघूम. गाडीभोवती फिरला. वाकून मॅग्नेटो पाहिला.

"मिळाला वाटतं."

"मिळाला," नवरा म्हणाला.

"पावती?"

नवऱ्यानं लिलावाची पावती आणून दिली. तिच्यावर 'मोटारसायकलचे भंगार, एक ढीग' एवढंच लिहिलेलं होतं. ढिगात काय काय होतं, ते कुणी लिहिलेलं नव्हतं. फौजदारानं पावती वाचली, पुन्हा वाचली. वाकून त्या बाणांवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेल्या काजळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळला.

"बाई, त्या दिवशी बोल्हेगावात काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"बाळंतीण बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग ठीक," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. त्याला काय कळलं होतं आणि काय नाही, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुढं कितीतरी दिवस मी त्याच्या परत येण्याची वाट पाहत होते. तो आला नाही.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या हिवाळ्यात राजूरला छोटा दवाखाना निघाला आणि मला तिथं पाठवलं. आम्ही फटफटीवरूनच गेलो. मागं मी, माझ्या मागं बांधलेली ट्रंक, पायाशी हत्यारांची पेटी. दोन दिवस लागले. राजूरला पोचलो तो नेमका बाजारचा दिवस, आणि आम्हाला पाहून अर्धा बाजार उठला. तांदळाची पाटी घेऊन बसलेल्या बायांनी पाट्या उचलल्या आणि गल्लीत शिरल्या. खाकी पँट, फटफटी, ट्रंक: त्यांना वाटलं, धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारचा सक्तीचा वाटा, वसूल करणारे आले. पुढं आम्ही कोण ते कळलं, तरी पाच आठवडे दवाखान्यात कुणी पाऊल ठेवलं नाही. माणसं समोरच्या झाडाखाली बसून आमच्याकडं बघायची. आम्ही कधी जेवतो, कुणाची पत्रं येतात, ट्रंकेत काय आहे, सगळं. त्यांना दोष द्यायला मला तोंड नव्हतं.

सहाव्या आठवड्यात एक डोंगरातला माणूस आला तो माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं. त्याच्या हातात बिघडलेली गॅसबत्ती होती. ती ठेवून गेला. तीन दिवसांनी परत आला, बत्ती पेटवून पाहिली, विझवली, पुन्हा पेटवली आणि घेऊन गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन आला. तिला सातवा महिना होता. माझा नवरा बाहेर ओट्याखाली फटफटीचं इंजिन चालू करून कान लावून बसला होता. मी तिला आत बाकावर बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, "काय होतंय?"

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, कपाटाकडं पाहिलं, आत दाराशी उभ्या आपल्या नवऱ्याकडं पाहिलं.  मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "आदी ते भाईरचं बंद करा. ह्यो आतला उड्या मारतोय."